सीएलएम5: गोठलेल्या जमिनीसाठी कितपत भरवशाचं?

पुण्यात पाषाणच्या आमच्या संशोधकांच्या वर्तुळात बहुतेक सगळे मान्सूनवाले. मी मात्र पर्माफ्रॉस्टसाठी, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीसाठी, ‘कम्युनिटी लँड मॉडेल’, म्हणजे सीएलएम5 चालवते. जमिनीतलं तापमान, पाणी, बर्फ यांचं गणित मांडणारं हे संगणकीय मॉडेल. अमेरिकेतल्या एनसीएआर या वातावरण-संशोधन संस्थेचं हे मॉडेल मोफत मिळतं. ‘मॅडम, हेच घेऊ का?’ असं विद्यार्थी विचारतात, त्यांच्यासाठी लिहितेय.

घ्या. मुख्य कारण म्हणजे खोली. सर्रास वापरलं जाणारं नोआ (Noah) हे जमिनीचं दुसरं मॉडेल चार थरांत 2 मीटरवर थांबतं. आपल्या काळ्या मातीतला ओलावा बघायला तेवढं पुरतं. पण सलग दोन वर्षं तरी शून्याखाली राहते ती जमीन पर्माफ्रॉस्ट. तिथे उन्हाळ्याची ऊब वर्षानुवर्षं खाली मुरत असते, तिला जागा हवी. सीएलएम5मध्ये मातीचे 20 थर साधारण साडेआठ मीटरपर्यंत जातात, त्याखाली खडकाचे आणखी 5.

आता परीक्षा कशी घ्यायची? नुसता पर्माफ्रॉस्टचा नकाशा जुळला म्हणून खूश होऊ नका. हवेचं तापमान बरोबर दिलं की नकाशा बराचसा आपोआप जमतो. उन्हाळ्यात वरची किती जमीन वितळते ते तपासा. अलास्कातल्या उतकियाविकला 1 किलोमीटरच्या चौकोनात 121 ठिकाणी लोखंडी सळई खुपसून ही खोली मोजतात. ती साधारण 35-40 सेंमी भरते. नेमक्या त्या खोलीवर मॉडेलचा थर 16 सेंमी जाडीचा आहे! म्हणजे 4-5 सेंमीचा फरक दिसला तर तो दोन थरांमधल्या अंदाजातून आलेला असतो. त्यावर प्रबंधाचा निष्कर्ष उभा करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

दुसरी कसोटी थंडी सुरू होतानाची. एक किलो पाणी गोठताना 334 किलोज्यूल उष्णता सोडतं, त्यामुळे ओली माती कित्येक आठवडे शून्यापाशीच रेंगाळते. मॉडेलमधल्या तापमानाची रेघ तिथे सपाट न होता सरळ खाली घसरली, तर आधी मातीतलं पाणी तपासा, मग जमिनीवर साचलेला बर्फ. भुसभुशीत बर्फाची जाडी चुकली की हिवाळ्यातलं जमिनीचं तापमान हमखास चुकतं. सीएलएम5मध्ये या बर्फाचे जास्तीत जास्त 12 थर मिळतात, आधीच्या आवृत्तीत 5 होते. मला ही सुधारणा फार मोलाची वाटते.

उणीवही मोठी आहे. सायबेरियात जमिनीच्या पोटात बर्फाच्या अख्ख्या भिंती असतात. त्या वितळल्या की जमीन खचते, तळी होतात. मूळ सीएलएम5 हे खचणं दाखवत नाही. तो विषय असेल तर दुसरं मॉडेल बघा. बाकी, सीएलएम5 एका ठिकाणापुरतं चालवायला साधा लिनक्स संगणक पुरतो, क्लस्टरच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या मोठ्या संगणकांच्या, रांगेत थांबायची गरज नाही.