बेंच मारतो, पण छातीला लागत नाही : बार, डंबेल, केबल की जोर?

सोमवारी संध्याकाळी बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत कुठल्याही व्यायामशाळेत डोकवा, बेंच (पाठीवर पडून बार छातीवरून वर ढकलायचा बाक) रिकामा मिळणं कठीण. सोमवार म्हणजे चेस्ट, हे जणू ठरूनच गेलंय. त्या रांगेत एकजण तरी असा असतो की बार ६० किलोवर पोहोचलाय, पण दुसऱ्या दिवशी खांद्याची पुढची बाजू आणि दंडाचा मागचा भाग ठणकतो. छातीत मात्र काहीच नाही. ‘खांद्यालाच लागतंय’ ही त्याची तक्रार. बार सोडून डंबेल घ्यावेत, केबलकडे (पुलीवरून तार ओढायच्या यंत्राकडे) जावं की सरळ तालमीतल्या जोरांवर यावं, हा त्याचा प्रश्न.

आमचं मत आधीच सांगतो. व्यायाम सोडायची गरज नाही, क्रम उलटा करायची आहे. सहा आठवडे केबल किंवा पेक-डेक (बसून दोन्ही हात समोर एकत्र आणायचं यंत्र) पहिला, डंबेल प्रेस (पडून डंबेल वर ढकलणं) दुसरा, बार शेवटी. केबल नसेल तर डंबेल पहिला. यंत्रच नाही, फक्त तालीम आहे, तर विटांवरचे पुश-अप. असं का, ते समजल्याशिवाय मात्र हा क्रम आठवडाभरही टिकत नाही.

छातीच्या मोठ्या स्नायूचे तंतू दोन मुख्य ठिकाणांहून निघतात : वरचे हासळीच्या हाडापासून, बाकीचे छातीच्या मधल्या हाडापासून आणि बरगड्यांच्या कूर्चेपासून. दोन्ही काखेच्या पुढून जाऊन दंडाच्या हाडाला चिकटतात. म्हणून या स्नायूचं खरं काम वजन वर ढकलणं नाही, दंड शरीराच्या पुढून मधल्या रेषेकडे आणणं हे आहे. कोपर सरळ करायचं काम ट्रायसेप्सचं, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूचं. बार वर जाताना दोन्ही कामं एकत्र होतात, खांद्याचा पुढचा भागही हात लावतो, आणि वजन कोणी उचललं हे बारला कळत नाही. ६० किलो छातीच्या मदतीशिवाय वर जात नाहीत, हे लक्षात ठेवा. जाणवत नाही याचा अर्थ स्नायू झोपलाय असा नाही. त्याचा वाटा कमी पडतोय किंवा बाकीच्यांच्या गोंगाटात त्याचा आवाज ऐकू येत नाही, एवढाच.

आधी एक साधी चाचणी करा. उभं राहून दोन्ही तळवे छातीसमोर नमस्कारासारखे जोडा आणि एकमेकांवर १० सेकंद जोरात दाबा. मग एका हाताची बोटं दुसऱ्या बाजूच्या छातीवर ठेवून त्या बाजूचा तळवा भिंतीच्या कोपऱ्यावर आतल्या दिशेने दाबा. छाती दगडासारखी घट्ट झाली तर स्नायू हुकूम ऐकतोय; दोष पद्धतीत किंवा वजनात आहे. दोन बाजूंत मोठा फरक दिसला, एका बाजूला खड्डा किंवा कमजोरी वाटली, तर व्यायाम बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

वजनाबद्दल एक मोजलेली गोष्ट उपयोगी आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन उचलायची सवय असलेल्या १८ पुरुषांना बेंच प्रेस करताना छातीवर लक्ष द्यायला सांगितलं. एका वेळी उचलता येणाऱ्या कमाल वजनाच्या २० ते ६० टक्क्यांपर्यंत लक्ष दिल्याने छातीच्या स्नायूची सक्रियता वाढली. ८० टक्क्यांवर काही फरक पडला नाही. म्हणजे तुमचा कमाल बेंच ८० किलो असेल तर छाती शोधायची ती ४८ किलोच्या आत. ६५-७० किलोवर ‘फील’ शोधणारा चुकीच्या ठिकाणी शोधतोय. २०१८ च्या दुसऱ्या एका अभ्यासात स्नायूवर लक्ष ठेवणाऱ्यांचे बायसेप्स जास्त वाढले, पण मांडीत तसा स्पष्ट फरक दिसला नाही. तेव्हा जाणवणं हे शिकायचं साधन आहे, त्याची पूजा करायचं कारण नाही.

बार

बारची ताकद अशी की वजन थोडं थोडं वाढवता येतं आणि नोंद ठेवणं सोपं. सव्वा किलोच्या चकत्या असतील तर एका वेळी अडीच किलोची वाढ होते. उणीव अशी की हात बारवर एका जागी जखडलेले. दंड मध्याकडे यायची हालचाल अर्धवट राहते आणि वरच्या टप्प्यात ट्रायसेप्स कारभार हातात घेतो. त्यातून चार चुका ठरलेल्या.

पहिली, खवाटे सुटणं. पाठीचे खवाटे मागे आणि खाली नेऊन बेंचवर दाबले नाहीत तर ढकलताना खांदे पुढे गोल होतात आणि भार तिथेच जाऊन बसतो. दिवसभर उद्यमबागेत लेथवर वाकून उभं राहणाऱ्याचे किंवा वडगाव-खासबागेत मागावर बसणाऱ्याचे खांदे आधीच पुढे आलेले असतात. अशांनी गुंडाळलेला टॉवेल पाठीखाली, छातीच्या उंचीवर, आडवा ठेवून दोन मिनिटं हात पसरून पडून राहावं, मग बेंचवर जावं. पावसाळ्यात बेंचचं रेक्झिन ओलसर आणि निसरडं होतं. खवाटे दाबले तरी घसरतात. सुती पंचा अंथरला की हा प्रश्न मिटतो.

दुसरी, कोपरांचा कोन. कोपरं खांद्याच्या रेषेत ९० अंशांवर फाकली तर खांद्याच्या पुढच्या भागाला ताण. अगदी बरगड्यांना चिकटवली तर ट्रायसेप्स. ४५ ते ७० अंशांच्या मध्ये तुमची जागा सापडेल. तिसरी, बार मानेकडे उतरणं. तो स्तनाग्रांच्या रेषेवर किंवा किंचित खाली टेकावा आणि वर जाताना थोडा तिरका, खांद्यांच्या वर यावा. चौथी, पकड. बार छातीला टेकलेला असताना समोरून पाहिल्यास मनगट ते कोपर सरळ उभं दिसलं पाहिजे. पकड त्याहून अरुंद असली की ट्रायसेप्सला आमंत्रण.

हलक्या वजनावर एक युक्ती बऱ्याचजणांना लागू पडते : तळवे बारवरून न सरकवता एकमेकांकडे ओढायचा प्रयत्न करत ढकला. अंगठा बारभोवतीच हवा. मागे कोणी उभं नसेल आणि रॅकला आडवे गज नसतील तर जड बार एकट्याने मारू नका. बारचं वजनही एकदा काट्यावर बघा. सगळेच बार २० किलोचे नसतात.

डंबेल

इथे हात मोकळे, त्यामुळे दंड मध्याकडे आणता येतो आणि खालीही जास्त ताण मिळतो. एक बाजू दुसरीची चोरी करू शकत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की जड डंबेल बेंचवर घेऊन पडणं हेच कसब आहे : मांड्यांवर उभे ठेवून बसा, पाठीवर जाताना एकेका गुडघ्याने वर ढकला. शिवाय अनेक व्यायामशाळांत डंबेलच्या जोड्या अडीच किलोंनी वाढतात, म्हणजे दोन्ही हात मिळून एकदम पाच किलो. १० वरून १२.५ हा मोठा टप्पा आहे. आधी एका सेटमध्ये, म्हणजे एका दमात, १२ च्या जागी १५ रेप (आवृत्त्या) येऊ द्या, मग जोडी बदला.

बार ५० किलोने १० वेळा जात असेल तर डंबेल १५-१५ ने सुरू करा. अहंकाराला थोडं लागेल, छातीलाही लागेल. बेंच सपाट किंवा १५ ते ३० अंश वर; ४५ च्या पुढे खांदा पुन्हा मालक होतो. तळवे पूर्ण पुढे न ठेवता किंचित आत वळवा. खाली यायला तीन सेकंद, खाली एक सेकंद थांबा, आणि वर डंबेल एकमेकांवर आपटू नका. हात पूर्ण सरळ झाले की वजन हाडांवर उभं राहतं आणि छाती विश्रांती घेते, म्हणून थोडं आधीच परत फिरा.

डंबेल फ्लायबद्दल (पडून, हात बाजूला पसरून पुन्हा वर एकत्र आणणं) मात्र आम्ही सावध आहोत. खाली ताण प्रचंड, वर जवळपास शून्य, कारण वजन सरळ खाली ओढतं आणि वर हात उभे असतात. छाती आखडते ती जागाच रिकामी राहते. फ्लायचीच हालचाल हवी असेल तर केबलवर करा.

केबल आणि पेक-डेक

छाती सापडत नाही त्याच्यासाठी यासारखं दुसरं काही नाही. ओढ बाजूने येते, त्यामुळे हात एकत्र आल्यावरही ताण टिकतो, आणि ट्रायसेप्सला कामच उरत नाही. त्यातही एका हाताने केबल ओढा आणि मोकळ्या हाताची बोटं काम करणाऱ्या छातीवर ठेवा. स्नायू कधी आखडतो, कधी सुटतो हे बोटांना कळतं. आठ-दहा रेपमध्ये जे समजतं ते महिनाभराच्या बेंचमध्ये समजत नाही. सोबतीला कोणी असेल तर त्याने बोट टेकवून दाखवलं तरी चालतं. बेळगावात तो कानडी असेल तर ‘एदे, एदे’ म्हणत टोचेल. अर्थ तोच, छाती.

पुली खांद्याच्या उंचीवर. एक पाय पुढे, यंत्रापासून पाऊलभर पुढे उभं राहा. कोपर थोडं वाकलेलं आणि वाक शेवटपर्यंत तेवढाच. वाक बदलला की ती प्रेस झाली. हात मधल्या रेषेपर्यंत, एका हाताने करत असाल तर थोडा पलीकडे. तिथे दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत मागे सोडा. १५ रेप स्वच्छ येतील आणि दोन-तीन आणखी येऊ शकतील असं वजन. पुली वरून खाली ओढली तर खालचे तंतू जास्त, खालून वर आणली तर हासळीजवळचे. सुरुवातीला मधली उंची पुरे.

पेक-डेकवर बैठकीची उंची अशी की मुठी छातीच्या मध्याच्या रेषेत येतील. फार खाली बसलात तर खांदे वर उचलले जातात. सुरुवातीची जागा हात फार मागे ओढणार नाही अशी लावा. मागे ताणून झटका देणं हे या यंत्रावरचं दुखण्याचं नेहमीचं कारण.

दोन गैरसोयी सांगायला हव्यात. आकडे यंत्रागणिक बदलतात : पुलीची रचना वेगळी असली की त्याच चकतीवर हाताला अर्धीच ओढ लागू शकते. म्हणून नोंदवहीत यंत्रही लिहा. आणि पावसाळ्यात देखभाल नसलेल्या ठिकाणी गज गंजून चकत्या अडखळतात, तिथे तीन सेकंद सोडणं जमत नाही. केबलच्या तारा विस्कटलेल्या दिसल्या तर त्या यंत्राला हात लावू नका.

जोर आणि पुश-अप

खानापूरकडच्या गावात किंवा जुन्या तालमीत केबल नसते, मातीचा आखाडा असतो. जोर हा उत्तम व्यायाम, पण छाती शोधायला नव्हे. कंबर वर, मग अंग खाली सरकवत पुढे आणि छाती वर काढायची, या झोक्यात कोपरं अंगालगत राहतात आणि भार खांदे, ट्रायसेप्स व पाठीवर फिरत राहतो. वर्षानुवर्षं जोर मारलेला पैलवान बेंचवर आला की त्याचे खांदे आणि दंड आधी धावून येतात. त्याची तक्रार सगळ्यांत जुनी.

त्याला साधे पुश-अप बरे, दोन विटांवर हात ठेवून, म्हणजे छाती हातांच्या खाली जाते. भार किती, हेही मोजलेलं आहे. साध्या पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचे सुमारे ६४ टक्के हातांवर येतात. हात ६० सेंटिमीटर उंच कट्ट्यावर ठेवले तर ४१ टक्के, गुडघे टेकवले तर ४९, उलट पाय ६० सेंटिमीटर उंच ठेवले तर ७४. ७० किलोच्या माणसाला हे अनुक्रमे ४५, २९, ३४ आणि ५२ किलो होतात. ज्याला छाती जाणवत नाही त्याने उंच कट्ट्यापासून सुरू करावं, तीन सेकंदांत उतरावं आणि वर येताना तळवे जमिनीवर न सरकवता एकमेकांकडे ओढावेत. दोन्ही विटा पक्क्या आहेत ना, ते आधी बघा.

मग काय घ्यावं?

यंत्रं असतील आणि वर्षाहून जास्त बेंच मारूनही छाती दिसत नसेल : एका हाताची केबल दोन सेट १५ चे, डंबेल प्रेस तीन सेट १०-१२ चे, मग बार दोन सेट, कमालच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस. चौथ्या आठवड्यापासून बारवर दर वेळी अडीच किलो, पण छाती हरवली की आधीच्या वजनावर परत.

नुकतीच सुरुवात असेल तर केबलचा एक सेट आणि डंबेल पुरेत. बारची घाई नको. खांदा आधी दुखावला असेल तर केबल आणि कट्ट्यावरचे पुश-अप, बार नाहीच. स्पर्धेसाठी बेंचचं वजन वाढवायचं असेल तर हा सगळा क्रम उलट : बार आधी, ताजेपणी, आणि जाणवणं न जाणवणं विसरा.

एक गल्लत नेहमी होते. केबल आधी इतकी मारतात की डंबेलवर हात थरथरतात, आणि मग छाती दमली म्हणून खांदे पुढे येतात. पहिले दोन सेट जागवायला आहेत, दमवायला नाहीत.

खांद्याच्या पुढे टोचणारी तीक्ष्ण कळ आली तर त्या दिवसाचा तो व्यायाम तिथेच थांबवा. आणि छातीवर दडपण, हातात किंवा जबड्यात पसरणारी वेदना, घाम किंवा धाप, यातलं काही असेल तर ते ‘चेस्टला लागलं’ नव्हे. व्यायाम सोडून थेट रुग्णालय गाठा.