मयतीच्या सामानाचं दुकान, आर्वी: माझा अनुभव

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बसस्टँडमागून कापसाच्या जिनिंगकडे जो रस्ता जातो, त्यावर डाव्या हाताला हे दुकान आहे. पाटीवर मालकाचं नाव नाही, 'अंत्यविधीचे सर्व साहित्य मिळेल' एवढंच पिवळ्या अक्षरांत. बाहेर हिरवे बांबू टेकवलेले, मडक्यांची उतरंड, आत फळीवर कापूर, राळ, गुलाल, बुक्का. मी २२ वर्षं याच रस्त्यानं शाळेत जाते. दुकान आलं की माझी मान दुसरीकडे वळायची, आणि स्कूटीवर मागे मुलगा बसलेला असला तर त्यालाही 'तिकडे नको पाहू' म्हणायची. आता त्याच दुकानाबद्दल चांगलं लिहिते आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

पहिल्यांदा मी तिथे गेले ती मयतीसाठी नाही. माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, जिवंतपणी ते दुकान पाहायचं होतं.

वय ८४. ट्रंकेत पांढरं लुगडं, गंगाजळाची डबी, सोन्याचा मणी आणि रुमालात बांधलेले तेरवीचे ११,००० रुपये. गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ वारले तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या, वडिलांसोबत बंडीत बसून अमरावतीला गेलेल्या. कर्ज काढून तेरवी करू नका, हे बाबांचं सांगणं त्यांच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं, म्हणून तो रुमाल. अशी तयारी आमच्याकडे पुष्कळ म्हाताऱ्या करून ठेवतात. पण गेल्या वर्षी पितृपक्षाच्या आधी शेजारी मयत झाली, तिथे दहा दिवस गरुडपुराण वाचलं गेलं, आणि ते ऐकून आल्यापासून आत्याबाईंची झोप गेली. रात्री दोन-अडीचला उठून खाटेवर बसायच्या. लाईट लावला की म्हणायच्या, "काही नाही, तू झोप." मी म्हटलं, असं काही नसतं, पोथीतलं मनावर घेऊ नका. मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, माझ्या तोंडून तेच निघणार. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याजवळ तो विषयच काढला नाही. आमच्या यांनी म्हटलं, आई, अभद्र बोलू नको. डॉक्टरांनी झोपेची अर्धी गोळी लिहून दिली. त्या गोळ्या नंतर मला उशीच्या खोळीत सापडल्या.

कार्तिकात एक दिवस त्या म्हणाल्या, "मले ते सामानाचं दुकान दाखव." शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी घरात कोणाला न सांगता त्यांना ऑटोत बसवून नेलं.

दुकानात तेव्हा मालक नव्हते, त्यांचा पुतण्या होता. त्यानं वही उघडून विचारलं, "बाई की माणूस?" आत्याबाई म्हणाल्या, "बाई. मी." पोरगा क्षणभर गप्प राहिला. मग त्यानं काचेखालून एक डबी काढली. त्यात पांढऱ्या धातूची बोटभर गाय आणि तेवढीच नाव. 'वैतरणी सेट', किंमत ५५१. म्हणाला, "आजी, नदी शंभर योजनं रुंद हाय, रक्ता-पुवाची. गाईचं शेपूट धरल्याबिगर कोणी पार होत नाही."

पोथीत तसंच लिहिलं आहे, तो खोटं बोलला नाही. पण पोथी ऐकणं वेगळं आणि गल्ल्यावर बसून ८४ वर्षांच्या बाईला तेच सांगून डबी पुढे करणं वेगळं. या दुकानाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे आणि ती मी मालकांना तोंडावर सांगितली आहे. घरात माणूस गेलेलं असताना अशा वस्तूला नाही म्हणायची कोणाची छाती होत नाही. आत्याबाईंनी ती गाय हातात घेतली, हात थरथरत होता, आणि तिचं तोंड भिंतीकडे करून काचेवर ठेवली.

तेवढ्यात मालक मागच्या दारानं आले. जेवत असावेत, हात ओले होते. त्यांनी काही न बोलता डबी उचलून खाली टाकली, खुर्ची आणली, लोटीभर पाणी दिलं, आणि स्वतः तांदळाच्या पोत्यावर बसून विचारलं, "माय, कायचं भेव वाटते?"

दोन महिने घरातले आम्ही सगळे त्यांना 'भिऊ नका' म्हणत होतो. कशाला भिता, हे कोणी विचारलं नव्हतं.

आत्याबाईंनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात त्या गिट्टी फोडायच्या कामावर जात. घरची गाय शेजाऱ्याच्या कडब्यात तोंड घालू नये म्हणून सकाळी जाताना त्यांनी दावं आखूड बांधलं. संध्याकाळी परत आल्या तर गाय खुंट्याला गुंडाळली जाऊन फास लागून मेलेली. गावात बैठक बसली. घरचा कर्ता म्हणून प्रायश्चित्त सासऱ्यांना आलं. तेच दावं गळ्यात अडकवून ते पाच गावं भीक मागत फिरले, तोंडातून शब्द काढायचा नाही, दारासमोर उभं राहून गाईसारखं हंबरायचं.

"गाठ म्या मारली होती," आत्याबाई म्हणाल्या. "मांगलं त्यायनं."

या घरात येऊन मला २८ वर्षं झाली. मी हे कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी बाहेर टांगलेल्या सुतळीच्या गुंडाळ्यांकडे बोट केलं. "मले दोरीनं बांधू नोका. दोरी घेऊन गेली त ते गाय मले वळखन."

मी नदीचा विचार करत बसले होते. त्या तिरडीच्या सुतळीला भीत होत्या.

मालकांनी पाप फिटलं म्हटलं नाही, पन्नास वर्षं झाली सोडून दे म्हटलं नाही. उठून एक बांबू आडवा ठेवला, पांढऱ्या कापडाची चार बोटं रुंदीची पट्टी फाडली आणि म्हणाले, "सुतळीच पाहिजे असं कोठी लिव्हलं हाय, माय? कापडानं बी मानूस हालत नाही. सात जागी बांधा लागते." मग त्यांनी पट्टीची निरगाठ मारून दाखवली, "हे नाही मारायची", आणि तीच सोडून सुरगाठ मारली. "आता वढ." आत्याबाईंनी एक टोक ओढलं, गाठ सुटली. त्यांनी पुन्हा मारली, यांनी पुन्हा ओढली. असं चार वेळा झालं. पुतण्या पाहत उभा होता.

"हे सुटते," आत्याबाई मला म्हणाल्या.

त्यांचीच जुनी लुगडी फाडून पट्ट्या करा, खळ नको, धुऊन ट्रंकेत ठेवा, एवढं मालकांनी मला सांगितलं. पैसे घेतले नाहीत, घ्यायला काही विकलंच नव्हतं. निघताना नेहमीच्या सवयीनं माझ्या तोंडी 'येतो' आलं ते मी गिळलं. तेही 'या' म्हणाले नाहीत, हात जोडून ऑटोपर्यंत आले.

त्या रात्री मी पोथी मागून आणली. भीती कशाची ते कळलं होतं, मग बाकीचंही त्यांच्यासोबत बसून नीट वाचावं म्हटलं. यमपुरीचं अंतर ८६,००० योजनं दिलं आहे आणि जीव एका दिवस-रात्रीत २४७ योजनं चालतो. मी वहीत भागाकार केला, ३४८ दिवस येतात. वर्षश्राद्ध वर्षानं का, ते मला तेव्हा उमगलं. वाटेत सोळा गावं आहेत, नावानिशी, पहिलं सौम्यपूर. ते ऐकून आत्याबाई पहिल्यांदा मोकळ्या बसल्या. म्हणाल्या, "गावं हाय म्हंजे मानसं असतीन." दहा दिवसांच्या दहा पिंडांतून हातभर देह तयार होतो, पहिल्या दिवशी डोकं, आठव्याला गुडघे, नवव्याला पाय, दहाव्याला भूक-तहान. त्यांचे गुडघे पंधरा वर्षं गेलेले. "नवे भेटते म्हना," त्या म्हणाल्या आणि दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवत राहिल्या. मला वैतरणी आहे असं आजही वाटत नाही. पण त्या वाटेचा हिशोब त्यांच्यासोबत करताना मी खोटं काही बोलले नाही, आणि त्या रात्री त्या साडेपाचपर्यंत झोपल्या.

त्यानंतर त्यांनी आणि माझ्या मुलानं मिळून दोन लुगडी फाडली. एक निळं, एक चॉकलेटी. स्वयंपाकघरात खुर्चीच्या पायाला पट्टी बांधून त्यांनी नातवाकडून सुरगाठ घोटून घेतली. चुकली की पुन्हा.

वैशाखात गेल्या. शेवटच्या आठवड्यात कधीकधी विचारायच्या, "डोंगा लागला काय?" त्यांचं माहेर वर्धा नदीपलीकडचं, तिवसा तालुक्यातलं. लग्नात डोंग्यानं नदी उतरून आल्या होत्या.

आता दुकानाच्या सेवेचं. रात्री साडेअकराला जीव गेला, बाराला फोन केला, दुसऱ्या रिंगला मालकांनी उचलला. नाव सांगितलं तर म्हणाले, "सुतळी नाही टाकत. पट्ट्या ट्रंकेत असतीन." मधे सहा महिने गेले होते. दीड वाजता १७ किलोमीटरवर टेम्पो दारात होता. बांबू हलके आणि वाळलेले, गोवऱ्या कोरड्या, कापूर भेसळीचा नाही. कोणी भाव करत नाही हे माहीत असूनही दर फळीवर लिहिलेले आहेत. ननंद पुण्याहून निघाली होती म्हणून शीतपेटी भाड्यानं घेतली, २,००० रुपये. पहाटे तीनला आमच्या फिडरची लाईन गेली, पण टेम्पोवाला भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या दोन लाद्या आधीच ठेवून गेला होता, आम्ही मागितल्या नसताना.

खोट आहे ती मडक्यात. कच्चं भाजलेलं होतं, प्रदक्षिणेच्या आधीच झिरपायला लागलं आणि आमच्या यांचा खांदा भिजला. घेताना मडकं टिचकी मारून पाहा. कापड अर्धा मीटर तोकडं निघालं. 'पंचरत्न' म्हणून जी पुडी टाकतात त्यात रंगीत काच असते, ती काढून ठेवायला सांगा, १५० रुपये वाचतात. वैतरणी सेट अजूनही काचेखाली आहे. मालक म्हणतात लोकच मागतात. मागणाऱ्याला द्यावा, पण पुतण्यानं पुढे करू नये.

आमच्याकडे बाया मोक्षधामात जात नाहीत, म्हणून पुढचं माझ्या मुलाकडून ऐकलेलं. गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी होती, रामधून चालू होती. सरणावर ठेवल्यावर त्यानं एकेक टोक ओढलं. सहा गाठी सहज सुटल्या. पायाकडची सातवी वाटेतल्या हिसक्यांनी आवळली गेली होती. लोक म्हणाले, काप, ऊन वाढलं. कोणीतरी विळाही पुढे केला. त्यानं घेतला नाही. गुडघे टेकून नखानं ती गाठ सोडवली, पाच-सात मिनिटं लागली असतील, तोवर सगळे थांबले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून कौंडण्यपूरला गेलो, पूल ओलांडून, त्यांच्या माहेरच्या काठाला. तेरवी साधी केली. रुमालातल्या पैशांतून दोन पोती सरकी ढेप आणून गावच्या गाईंना घातली. ते आत्याबाईंनी सांगितलेलं नव्हतं, आमच्या यांच्या मनात आलं.

तेरवीनंतर उरलेले पैसे द्यायला मी दुकानात गेले. मान न वळवता गेले. मालकांनी वही काढली, आमचं पान उघडलं. वर आत्याबाईंचं नाव, त्याखाली कार्तिकातली तारीख आणि 'दोरी नाही' असं लिहिलेलं. सामानाचे १,८५० झाले होते. त्यातून सुतळीचे ४० रुपये त्यांनी आधीच वजा केले होते.