शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद : दुष्काळात टिकतो का?

सिन्नर-जालना पट्ट्यातल्या मुरमाड जमिनीत कागदाशिवाय, म्हणजे प्लॅस्टिकच्या अस्तराशिवाय, शेततळ्यात पाणी ठरत नाही. त्यासाठी ५०० मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड, लॅमिनेटेड कागद दमदार आहे. ३०० चा स्वस्त पडतो, पण खड्यांवर टिकत नाही. घेताना आयएस १५३५१ (अशा कागदाचं भारतीय मानक) चा शिक्का बघा.

३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, दीडास एक उताराचं (मीटरभर खोलीला दीड मीटर आडवं) तळं १९-२० लाख लिटर धरतं. कागद मात्र तोंडाच्या ९०० चौरस मीटरवर मोजू नका. उतार ५.४ मीटर भरतो. काठ आणि टोक पुरायचा चर धरून १,२०० च्या आसपास लागतो.

कागद फाटतो तो बहुधा तळं कोरडं पडल्यावर. एप्रिल-मेच्या वावटळीत वारा काठाखालून शिरतो, कागद फुगतो आणि कोपऱ्यातला सांधा उसवतो. म्हणून काठापासून दोन-अडीच फुटांवर दोन बाय दोन फुटांचा चर घ्या, कागदाचं टोक त्यात वळवून माती ठोकून भरा. तळाला फूटभर पाणी कायम राखा. ते सव्वा लाख लिटरच्या वर जातं, बाग सुकताना जीव तुटतो, पण नवा कागद त्याहून महाग.

सांधे वारा सुटण्याआधी, सकाळीच मारून घ्या. चार इंचांच्या जोडात धुळीचा थर अडकला की वेल्डिंग धरत नाही, आणि ही गळती पाणी भरल्यावरच कळते. लव्हाळा मुळासकट काढा. त्याचे कोंब कागद भेदून वर येतात.

उडालेली माती तळात गाळ होऊन बसते. फुटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपचं पाणी ओढणारं तोंड) ड्रमला बांधून तरंगता ठेवा, नाहीतर ठिबकचे फिल्टर सारखे चोंदतात. गाळ काढताना लोखंडी फावडं आत नेऊ नका.

विक्रेते एक खर्च सांगत नाहीत: कुंपणाचा. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब हव्यातच.

पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यावर भरणार असाल तर पैसे वसूल. बोअर उपसून भरणार असाल तर घेऊ नका. मे महिन्यात भरल्या तळ्यावरून दिवसाला सात हजार लिटर पाणी नुसतं उन्हाने उडतं, आणि शेजारच्या विहिरी आटतात त्या वेगळ्याच.