लॅमिंग्टन रोडवरचा सिग्नल बूस्टर: घेऊ नका

घराच्या आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत मिळणारा ९००/१८००/२१०० मेगाहर्ट्झचा तीन बँडचा बूस्टर अनेक जण घेतात. खोक्यात बाहेरचा अँटेना, केबल, अँप्लिफायर आणि आतला अँटेना असतो.

अडचण गेनमध्ये, म्हणजे यंत्र सिग्नल किती वाढवतं त्यात आहे. गेन ७० डेसिबल असेल, तर दोन अँटेनांमधलं आयसोलेशन (एकाचा सिग्नल दुसऱ्यापर्यंत पोचताना होणारी घट) त्याहून किमान १५ डेसिबल जास्त, म्हणजे ८५ हवं. बाहेरचा अँटेना खिडकीच्या ग्रिलला आणि आतला चार हातांवर टांगला, तर ते मिळणं जवळपास अशक्यच. मग आतला सिग्नल पुन्हा बाहेरच्या अँटेनात शिरतो, यंत्र ऑसिलेट होतं (माइक स्पीकरजवळ नेल्यावर शिट्टी वाजते तसं) आणि टॉवरच्या अपलिंकमध्ये, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलमध्ये, गोंगाट भरतो. फोनवर दांड्या पूर्ण दिसतात, पण शेजारच्या दहा घरांचे कॉल तुटतात! हे खरोखर वाईट आहे. शिवाय परवान्याशिवाय असा बूस्टर (रिपीटर) वापरणं बेकायदा आहे.

२३०० मेगाहर्ट्झचं ४जी आणि ३३०० चं ५जी टीडीडी आहे, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं-घेणं चालतं. त्यांना हा बूस्टर हातही लावत नाही.

आधी बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालणारा *#*#४६३६#*#* डायल करून आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद, डीबीएममध्ये) पाहा. उणे ११० च्या खाली असेल आणि घरी ब्रॉडबँड असेल, तर सेटिंगमधून वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल) सुरू करा. आवाजाला सेकंदाला १०० किलोबिट पुरतात.

पाचपैकी एक तारा, तोही केबलसाठी.