जाड पॅकिंगच्या नावाखाली 7,250 रुपये गेले. सोलापूरकरांनो, हेड आधी डोळ्यांनी बघा

लिहावं की नाही यात आठ दिवस गेले. घरात खरा आकडा अजून सांगितलेला नाही. पण तुमच्यापैकी कोणीतरी याच महिन्यात गाडी खोलायला देणार असेल, त्याच्यासाठी लिहितोय.

गाडी वडिलांची, स्प्लेंडर प्लस. धूर मारत होती आणि हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, सांध्यातून ऑइल गळत होतं. त्या सांध्यात जी पातळ गॅस्केट बसते तिलाच पॅकिंग म्हणतात. ओळखीच्या माणसाने सांगितलं म्हणून एका गॅरेजात टाकली. संध्याकाळी मिस्त्रीचा फोन आला, "मालक, हेड वाकलंय. लेथवर फेसिंग मारावं लागतंय. मग साधं पॅकिंग चालत नाही, जाड टाकावं लागतंय. पुण्याहून मागवतो."

यात तांत्रिकदृष्ट्या काहीच चूक नाही, म्हणूनच मी फसलो. फेसिंगमध्ये हेड घासलं जातं, वरची जागा कमी होते, कॉम्प्रेशन (हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते) वाढतं, इंजिन ठोके देतं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. ते भरून काढायला जितकं घासलं तितकं जाड पॅकिंग टाकतात. हे मला माहीत होतं. ज्याला काहीच कळत नाही त्याने निदान दोन ठिकाणी विचारलं असतं. मी लगेच "टाका" म्हणालो.

तिसऱ्या दिवशी गेलो तर हेड पेपरवर तोंड वर करून ठेवलेलं. त्याच्या तोंडावर जुन्या पॅकिंगची काळी रिंग जशीच्या तशी होती. जिथून ऑइल गळायचं तिथला तपकिरी डागसुद्धा तिथेच. फेसिंग केलेलं ॲल्युमिनियम लख्ख चमकतं, त्यावर हत्याराच्या बारीक रेघा दिसतात, जुना डाग उरूच शकत नाही. मी बोट फिरवलं, बोट काळं झालं. "फेसिंग झालं का?" विचारलं. "झालंय की मालक, पुसायचं राहिलंय." मी रुमालाला बोट पुसलं आणि निघून आलो. त्या रुमालाची आठवण आली की आजही झोप उडते.

हिशोब असा: बोअर-पिस्टन 3,200, फेसिंग 700, "जाड पॅकिंग" 1,150, ऑइल 400, मजुरी 1,800. सगळं एका चिठ्ठीच्या मागे पेनने लिहिलेलं. पक्कं बिल मागा, नाही म्हणाला तर गाडी तिथे खोलूच देऊ नका.

गाडी घेतली तेव्हा किक हलकी लागली. तुळजापूरच्या घाटात बायकोला मागे बसवून दुसऱ्या गिअरवर रडतखडत चढलो. मिस्त्री म्हणाला, "पिस्टन नवा आहे, बसायला हजार किलोमीटर लागतात." मी तेही ऐकलं.

शेवटी दुसऱ्याकडे माझ्यासमोर खोलली. आत साधी दोन पॅकिंगं एकावर एक, मध्ये पेस्ट. फेसिंग झालंच नव्हतं. म्हणजे न घासलेल्या हेडखाली दुप्पट जाडी. 50 मिलिमीटर बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) अर्धा मिलिमीटर जाडी वाढली तरी जवळपास 1 सीसी जागा वाढते, 97.2 सीसीच्या गाडीचं 9 चं कॉम्प्रेशन 8.4 वर येतं. पिकअप कुठून येणार? हे निस्तरायला आणखी 2,350 गेले.

चौकीत तीनदा गेलो. पहिल्या वेळी साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्या वेळी "अर्ज लिहून आणा", तिसऱ्या वेळी अर्ज न वाचताच "हा दिवाणी मामला, इथे नाही." मग एका सरकारी कार्यालयात. तिथे पक्कं बिल हवं. अहो, तो पक्कं बिल देणारा असता तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो? वर म्हणे तज्ज्ञाचा दाखला आणा. दुसरा मिस्त्री लिहून द्यायला तयार नाही, त्याला बाजारात राहायचंय. प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाचा पगार गेला. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, हे यांच्यापैकी एकानेही सांगितलं नाही, मला स्वतः शोधावं लागलं.

फेसिंगला हेड जाताना सोबत जा, लेथवाला वेगळा असतो. नाही जमलं तर आधीचा आणि नंतरचा फोटो घ्या. पॅकिंग सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघालं पाहिजे, रिकामं पाकीट आणि जुने पार्ट घरी आणा. ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठ्या) पिस्टनच्या डोक्यावर मापाचा आकडा असतो, तोही बघा.

परवा त्याच दुकानासमोर एक पोरगा खोललेल्या गाडीजवळ उभा होता. मी थांबलो आणि मिस्त्रीसमोरच त्याला म्हणालो, "हेडवर बोट फिरवून बघ आधी."