नव्या झाडांना ठिबक आणि पाचटाचं आच्छादन – १६ महिने वापरून झाल्यावर

आमची सोसायटी पुण्यात वाघोलीच्या बाजूला आहे. गेल्या वर्षी जुलैत कंपाउंडच्या कडेनं ४२ झाडं लावली, १२ बहावा, ८ ताम्हण, ८ बकुळ, ६ कडुनिंब, ५ कांचन आणि ३ सोनचाफे, आणि आत वाटेच्या दोन्ही बाजूंना कुंती, तगर, जास्वंद, एक्झोरा अशी अडीचशेच्या वर झुडपं. त्यासोबतच ठिबकचा सेट बसवला, टायमर, फिल्टर, १६ एमएमची नळी, प्रत्येक झाडाला तासाला ४ लिटर सोडणारे दोन ड्रिपर, आणि झुडपांच्या ओळींना आतच ड्रिपर असलेली इनलाइन नळी. बागेचं काम बघायची जबाबदारी कमिटीत माझ्याकडे आहे म्हणून १६ महिने मी रोज सकाळी यात आहे. ज्यांच्या सोसायटीत आत्ता लागवड झालीये किंवा व्हायचीये त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण आम्हाला हे आधी कोणी सांगितलं असतं तर निदान ५ झाडं वाचली असती असं मला खरंच वाटतं.

पहिले दोन महिने पावसाळाच होता, त्यामुळे ठिबक बंदच होतं आणि सगळं छान हिरवंगार दिसत होतं. फक्त २ बकुळी ऑगस्टमध्ये गेल्या. आमच्याकडे बिल्डरनं खाली मुरूम आणि राडारोडा भरलाय, त्यात ३ बाय ३ फुटाचा खड्डा केला आणि चांगली काळी माती भरली तरी आजूबाजूचा दाबलेला मुरूम पाणी पुढे सोडत नाही, खड्ड्याची बादली होते. झाड पाण्यात उभं राहून कुजलं, आणि पानं मलूल झालेली बघून आम्हाला वाटलं पाणी कमी पडतंय! नंतर त्या दोन जागी खड्ड्यातून उताराकडे चर काढून दिला आणि माती वीतभर उंच करून उंचवट्यावर नवीन बकुळी लावल्या, त्या व्यवस्थित आहेत.

खरा फटका बसला ऑक्टोबरमध्ये. उन्हाळ्याची भीती सगळ्यांना असते पण ऑक्टोबर हीट कोणाच्या लक्षात येत नाही, पाऊस गेलेला असतो, ऊन कडक, आणि झाडाच्या मुळ्या अजून आजूबाजूच्या मातीत पसरलेल्या नसतात. ठिबक चालू केलं, बसवणाऱ्या माणसानं टायमर रोज १५ मिनिटं असा लावून दिला होता, बुंध्याभोवतीच्या आळ्यात माती रोज ओली दिसायची, आणि तरी तीन आठवड्यांत २ ताम्हण, १ कांचन आणि १ कडुनिंब वाळून गेले. मला कळेचना, माती ओली आणि झाड वाळतंय म्हणजे काय. शेवटी आमच्या माळीमामांनी मेलेला ताम्हण उपटून काढला आणि म्हणाले, "ताई, हात लावून बघा." नर्सरीतून पिशवीसोबत आलेली लाल मातीची हुंडी जशीच्या तशी होती, विटेसारखी कडक आणि आतून पूर्ण कोरडी, आणि तिच्या बाहेरची काळी माती मात्र ओली. ड्रिपर आळ्याच्या कडेला ठेवलेले होते, बुंध्यापासून दीड फुटावर, म्हणजे पाणी जिथे पडत होतं तिथे मुळ्या नव्हत्याच, सगळ्या मुळ्या त्या हुंडीच्या आत. एका झाडाची तर पिशवीसुद्धा खालून काढलेली नव्हती, नुसती वरून फाडून खड्ड्यात ठेवलेली, आणि आत मुळ्या गोल गोल फिरून दोरीच्या वेटोळ्यासारख्या झाल्या होत्या. लागवड ठेकेदारानं केली होती आणि त्या दिवशी आमच्यापैकी कोणीच तिथे उभं नव्हतं. तुम्ही उभे राहा, प्रत्येक पिशवी पूर्ण निघते का आणि गुंडाळलेल्या मुळ्या कापून मोकळ्या करतात का ते डोळ्यांनी बघा.

दुसरी गोष्ट हिशोबाची. ४ लिटरचे दोन ड्रिपर म्हणजे तासाला ८ लिटर, १५ मिनिटांत फक्त २ लिटर. एवढ्यात वरची दोन बोटं माती भिजते आणि दुपारपर्यंत उडून जाते, शिवाय मुळ्या पाण्याच्या मागे वरच येतात. मग आम्ही रोजचं बंद करून दोन्ही ड्रिपर सरळ हुंडीवर आणले, बुंध्यापासून चार-पाच बोटांवर, आणि आठवड्यातून दोनदा अडीच तास, म्हणजे झाडाला एका वेळी २० लिटर. फरक १५ दिवसांत दिसला, बहाव्याला आणि कडुनिंबाला पालवी फुटली. फेब्रुवारीत मुळ्या बाहेर पडल्यात हे उकरून बघितलं आणि ड्रिपर फूटभर लांब सरकवले, पावसाळ्याआधी परत अर्धा फूट. झाड वाढतं तसं पाणी बाहेर न्यायचं, नाहीतर मुळ्या बुंध्याशीच बसतात आणि वाऱ्यात झाड हलतं. हे सेटसोबतच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

पाणी पुरलं का हे बघायला मी एक दीड फुटाची लोखंडी सळई ठेवलीये. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी जमिनीत खुपसायची, सहज आत गेली तर पाणी खोल पोचलं, चार बोटांवर अडली तर नाही. पहिले काही महिने हुंडीत बोटही घालून बघायचं. टायमरवर माझा आता भरवसा नाही, पाऊस पडला तरी तो पाणी सोडतो आणि बॅटरी संपली की कोणाला कळत नाही. आम्ही तो काढून साधा व्हॉल्व्ह ठेवलाय, मामा बुधवार-रविवार हातानं सोडतात आणि त्या निमित्तानं प्रत्येक झाड बघितलं जातं.

फिल्टरबद्दल. आमच्याकडे बागेला एसटीपीचं, म्हणजे सोसायटीतलं सांडपाणी शुद्ध करून मिळणारं पाणी आहे, बहुतेक मोठ्या सोसायट्यांत असतंच. त्यात शेवाळ आणि चिकट साका येतो, जाळीचा फिल्टर चार दिवसांत बुजायचा, म्हणून डिस्क फिल्टर बसवला तो चांगला चाललाय, आठवड्याला उघडून धुतो. मार्च ते मे बोअरचं पाणी मिसळावं लागलं, ते जड, त्यानं ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो. ड्रिपर उघडता येणारेच घ्या, आम्ही ते रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकतो आणि सकाळी दाभणानं साफ करतो. महिन्यातून एकदा नळीच्या शेवटच्या एंड कॅप काढून पाणी जोरात सोडायचं, पहिल्यांदा सोडलं तेव्हा चहासारखं पाणी आलं होतं.

आता पाचट. अख्ख्या खर्चात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट हीच. थेऊरच्या बाजूनं टेम्पोभर उसाचं पाचट आणलं आणि त्यात सोसायटीतलाच पालापाचोळा मिसळून प्रत्येक आळ्यात तीन-चार इंच थर दिला. एप्रिलमध्ये दुपारी हात लावून बघितलं तर उघडी माती चटका बसेल अशी तापलेली आणि पाचटाखाली गार. ४२ झाडांपैकी गेटजवळच्या ३ झाडांना आम्ही पाचट घातलं नव्हतं, तिथे बरं दिसत नाही म्हणून, तर मे महिन्यात त्याच तीन झाडांना आठवड्यात एक पाणी जास्त द्यावं लागलं. तेव्हापासून दिसण्याचा प्रश्न कोणी काढला नाही. एकच काळजी घ्यायची, पाचट बुंध्याला चिकटू द्यायचं नाही, वीतभर जागा मोकळी, नाहीतर साल ओली राहून कुजते आणि वाळवी चढते. आमच्या दोन कांचनांना वाळवी चढली होती, मातीची वाट खरवडून काढली आणि बुंध्याला बोर्डो पेस्ट लावली (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी), परत आली नाही.

खताची घाई आम्ही केली आणि ती चुकली. पहिल्याच महिन्यात कोणीतरी ओळखीतून ट्रॉलीभर शेणखत आणलं, ते अर्धं कच्चं होतं, त्यातून हुमणीच्या अळ्या आल्या आणि त्यांनी तगरीच्या एका अख्ख्या ओळीच्या मुळ्या खाऊन टाकल्या. हात लावला तर रोप अलगद वर यायचं. शेणखत पूर्ण कुजलेलं, वास न येणारं, भुरभुरीत असेल तरच घ्या, आणि पहिल्या वर्षी ते पुरतं, रासायनिक काही लागत नाही.

आधाराच्या काठ्या. नर्सरीतून आलेली एक बारीक काठी झाडाला घट्ट बांधलेली असते, ती लावतानाच काढा. आम्ही दोन बाजूंना दोन बांबू रोवून मधे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आठच्या आकड्यात सैल बांधलं, मेच्या वळवाच्या वाऱ्यात एकही झाड पडलं नाही. जिथे मामांच्या सुट्टीत दुसऱ्या माणसानं तारेनं बांधलं होतं तिथे तार सालीत रुतली, ते झाड वाचलं पण खोडाला कायमचा वळ राहिलाय.

आणि ग्रास कटर! हे लिहिताना अजून वाईट वाटतं. एक सुंदर बहावा, ७ फुटांचा, चांगला लागलेला, गवत कापणाऱ्यानं मशीनची दोरी बुंध्याला लावून सगळ्या बाजूनं साल सोलली. पानांनी तयार केलेलं अन्न मुळांकडे सालीतूनच जातं, गोल साल गेली म्हणजे मुळं उपाशी, झाड दीड महिन्यानं गेलं. आता प्रत्येक बुंध्याला पीव्हीसी पाइपचा उभा चिरलेला तुकडा घातलाय आणि दोन फुटांच्या आत मशीन न्यायचं नाही, तिथलं गवत हातानं काढायचं.

छाटणीत माझं मत पक्कं झालंय. लोकांना झाड लवकर सरळसोट हवं असतं म्हणून खालच्या फांद्या पहिल्याच वर्षी साफ करतात, आमच्याकडेही दोन कडुनिंबांच्या केल्या, आणि तीच दोन झाडं आज बारीक खोडाची, वर जड, वाऱ्यात वाकणारी आहेत. खालच्या फांद्यांची पानंच खोड जाड करतात. पहिली दोन वर्षं फक्त मोडकी, वाळकी आणि एकमेकींवर घासणारी फांदी काढा. झुडपांचं उलट, कुंतीचे शेंडे सुरुवातीपासून खुडत राहिलं की ती खालून भरते, आणि कुंपण कापताना खाली थोडं रुंद आणि वर अरुंद ठेवायचं म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं. आमची कुंती फूट-फूट अंतरावर लावलीये, हे फार जवळ झालं, दीड-दोन फूट तरी हवं होतं.

ऑगस्टमध्ये बहाव्यांवर हिरव्या अळ्या आल्या, चार दिवसांत ३ झाडं बोडकी. ग्रुपवर फवारणी करा म्हणून गोंधळ झाला. मी थांबवलं, त्या पिवळसर एमिग्रंट फुलपाखरांच्या अळ्या आहेत, बहावा हे त्यांचं नेहमीचंच खाद्य, आणि मुळं नीट धरलेलं झाड त्यानं मरत नाही. तीन आठवड्यांत नवी पालवी आली आणि गेटपाशी फुलपाखरं उडताना मुलांनी मोजली. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला मात्र निंबोळी तेल फवारलं, लिटरला ५ मिली आणि थोडा साबण, दर आठवड्याला, संध्याकाळी.

सोनचाफा अजून जमलेला नाही. नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह कमी, चुनखडीच्या जमिनीत आणि जड पाण्यात त्याला ते घेताच येत नाही. चिलेटेड आयर्न, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारलं की महिनाभर बरा दिसतो, मग परत तेच. आमच्या भरावात तो लावायलाच नको होता. ताम्हण मात्र मनापासून सुचवेन, उरलेल्या सहापैकी एकाला या मेमध्येच जांभळा तुरा आला, आणि आपलं राज्यफूल आहे हे सांगितल्यावर शाळेतली पोरं आपणहून त्या झाडाला बाटलीतलं पाणी घालायला लागली.

आजचा हिशोब, ४२ पैकी ७ गेली, सातही जागी नवीन लावली, झुडपं ३० च्या आसपास गेली. ठिबक परत घेईन, टायमर नाही. पाचटाचा थर कुजून दोन बोटांवर आलाय, या महिन्यात नवीन टेम्पो सांगितलाय. जुन्या झाडांच्या बांबूच्या काठ्या आता काढायच्यात, रविवारी मामांबरोबर एकेक झाड हलवून बघणार आहे, जे बुंध्याशी हलणार नाही त्याची काठी काढायची, जे हलेल त्याची पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवायची.