सॉल्टेअरचं गिरणी कामगाराचं घर की टाइनसाइडचा जोडफ्लॅट?

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरकडे किंवा न्यूकॅसलला नोकरी लागली की आपल्या मंडळींत घरखरेदीच्या गप्पा सुरू होतात. नवं बांधकाम नको, जुनं व्हिक्टोरियनच हवं, पण खिसा बेताचा, असं ज्यांचं आहे त्यांच्यासाठी ही तुलना. एकीकडे ब्रॅडफर्डजवळच्या सॉल्टेअरमधलं दुमजली घर. दुसरीकडे न्यूकॅसल परिसरात टाइन नदीच्या दोन्ही काठांवर दिसणारा टाइनसाइड फ्लॅट, म्हणजे एकावर एक रचलेल्या दोन घरांची जोडी. दोन्ही कामगारांसाठीच बांधलेली. पहिलं बघायला जगभरातून लोक येतात, दुसऱ्यासमोर कुणी फोटो काढायलाही थांबत नाही. माझ्या मते वारसा म्हणून दुसरं कणभरही कमी नाही. घेणाऱ्याच्या दृष्टीने खरा फरक बंधनांचा आहे, आणि तो वाटतो तसा नाही.

सॉल्टेअर उभं राहिलं एका माणसाच्या मर्जीने. टायटस सॉल्ट हा अल्पाका लोकरीवर श्रीमंत झालेला गिरणीमालक. ब्रॅडफर्डच्या धुरातून त्याने धंदा बाहेर काढला, 1853 मध्ये एअर नदीकाठी नवी गिरणी सुरू केली आणि पुढच्या वीसेक वर्षांत तिच्याभोवती आठशेवर घरं बांधली. मुंबईत कावसजी दावर पहिल्या कापडगिरणीची जुळवाजुळव करत होते, साधारण तोच हा काळ. आपल्या गिरणगावात पुढे दहा बाय बाराची खोली आणि मजल्यावर सामाईक संडास आला. इथे प्रत्येक घराला पाणी, गॅस, मागे अंगण आणि स्वतःचा संडास होता. अर्थात उतरंड इथेही होतीच. साध्या कामगाराचं घर लहान, मुकादमाचं मोठं, पुढे बागेचा तुकडा असलेलं. गल्ल्यांना मालकाच्या बायकोमुलांची नावं, आणि गावात पब नाही, कारण मालकाला चालत नसे. 2001 पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे आणि जवळजवळ सगळी घरं ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे कायद्याने जपलेल्या इमारतींच्या सरकारी यादीत आहेत.

टाइनसाइडला असा कुणी सॉल्ट नव्हता. जहाजबांधणी, कोळसा आणि न्यूकॅसलच्या एल्स्विक भागातला आर्मस्ट्राँगचा तोफा-यंत्रांचा कारखाना यांनी माणसं ओढून आणली आणि छोट्या-मोठ्या बिल्डरांनी त्यांच्यासाठी रांगाच्या रांगा उठवल्या. रस्त्यावरून पाहिलं तर विटांची साधी दुमजली रांग. दारं मोजायला लागा, मग गंमत कळते. ती जोडीजोडीने येतात, एकमेकांना अगदी खेटून. एक उघडलं की खालचं घर. शेजारचं उघडलं की पायाशीच जिना, थेट वर. मागे अंगणंही वेगळी, वरच्या बिऱ्हाडाला तिथे उतरायला स्वतंत्र जिना. मागच्या बोळात जाऊन भिंत बघा: कोळसा आत टाकायची झडप कुठे विटांनी बुजवलेली, कुठे अजून तशीच. कमी जागेत दोन कुटुंबं बसवायची, पण दार, जिना, अंगण यांत वाटेकरी ठेवायचा नाही, हा सगळा हिशेब त्या नकाशात आहे. म्हणून या घराचं महत्त्व दर्शनी भागापेक्षा या आतल्या मांडणीत आणि जोडीत जास्त आहे. दोनातलं एक दार बुजवलं की वारशातलं बरंच काही गेलं.

मग ही घरं लिस्टेड का नाहीत? इंग्लंडमध्ये 1700 पूर्वीची, मूळ स्वरूपात बऱ्यापैकी टिकलेली जवळपास सगळी घरं यादीत येतात, 1850 पर्यंतची बहुतेक येतात; त्यानंतरची मात्र निवडून घेतात, कारण ती टिकलीच इतकी आहेत. सॉल्टेअरला अख्खं गाव एकसंध राहिल्याचा फायदा मिळाला. टाइनसाइडच्या काही रांगा कॉन्झर्व्हेशन एरियात, म्हणजे अख्खा परिसर जपायच्या भागात आहेत, बहुतेक कशातच नाहीत. त्याची किंमत त्यांनी मोजलीय. 2002 ते 2011 या काळातल्या सरकारच्या पाथफाइंडर या घरबाजार-नूतनीकरणाच्या योजनेत न्यूकॅसलसमोरच्या काठावरच्या गेट्सहेडमधल्या अशा रांगा पाडल्या गेल्या.

आता बंधनांकडे. लिस्टेड म्हणजे फक्त बाहेरचा रंग बदलायचा नाही, असा समज असेल तर तो सोडा. आतला जिना, जुनी फायरप्लेस, मधली भिंत, सगळ्याला हात लावण्याआधी परवानगी लागते, आणि विनापरवाना काम हा गुन्हा आहे. कारवाईला कालमर्यादा नाही. आधीच्या मालकाने गुपचूप बसवलेल्या प्लॅस्टिकच्या खिडक्या तुमच्या गळ्यात येऊ शकतात. परवानगीच्या अर्जाला फी नाही, पण नकाशे काढणाऱ्याला पैसे लागतात. मंजूर बदलांवरची व्हॅटची सवलत 2012 मध्ये गेली, तेव्हा पूर्ण 20 टक्के धरून चाला.

टाइनसाइडला हे काही नाही, म्हणून लोक हुरळून जातात. दोन गोष्टी विसरतात. एक, स्वतंत्र घराला परवानगीविना जे छोटे वाढीव बांधकाम करता येतं, ती सूट फ्लॅटला मिळत नाही. माळ्यावर खोली काढायची तर रीतसर अर्ज करावा लागतो. दुसरी भानगड लीजची, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याची. इथल्या जोड्यांत बहुधा उलटापालटीचा व्यवहार असतो: वरच्या घराचं फ्रीहोल्ड (म्हणजे कायमची मूळ मालकी) खालच्याकडे, खालच्याचं वरच्याकडे. म्हणजे तुम्ही शेजाऱ्याचे भाडेकरू आणि शेजारी तुमचा. भाडं नाममात्र. पण छप्पर गळलं तर कोण दुरुस्त करणार, भिंत पाडायला कुणाची संमती हवी, हे त्या लीजमध्ये लिहिलेलं असतं. सॉल्टेअरला महापालिकेचा अधिकारी जे काम करतो, ते इथे वरच्या मजल्यावरचा माणूस करतो. मला हे आवडतं, पण शेजाऱ्याशी वाजलं तर अधिकारी परवडला असं म्हणायची पाळी येईल.

देखभालीत फारसा फरक नाही. सॉल्टेअरचा दगड असो की टाइनसाइडची वीट, या भिंती चुन्यात बांधलेल्या, ओल बाहेर टाकणाऱ्या. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, हे दोन्हीकडे सारखंच.

माझा कौल? घरात फारसं काही बदलायचं नाही, लीड्स किंवा ब्रॅडफर्डला रेल्वेने जायचंय (स्टेशन गावातच आहे) आणि खिडकीसमोरून हिंडणारे पर्यटक चालतात, तर सॉल्टेअर. त्या घराचं भोवताल कुणी पाडून टाकणार नाही, ही खात्री पैशात मोजता येत नाही. पहिलं घर असेल, बजेट तंग असेल, तर टाइनसाइडचा खालचा फ्लॅट बघा; आईबाबा मुक्कामाला येतात त्यांना जिना चढावा लागत नाही आणि अंगणात पाय थेट पडतो. वर-खालची जोडी एकत्र विकायला आली तर ती घ्यायचा जरूर विचार करा: दोन्ही लीज, दोन्ही फ्रीहोल्ड तुमच्या हातात. मात्र दोन्हींचं एक घर करण्याआधी महापालिकेला विचारा, आणि दोन्ही दारं राहू द्या.

टाइनसाइडचं ठरलं तर सॉलिसिटर, म्हणजे खरेदीची कागदपत्रं बघणारा वकील, न्यूकॅसलकडचाच घ्या. लंडनच्या सॉलिसिटरला ही लीज पहिल्यांदा दिसली की महिनाभर पत्रव्यवहार चालतो. आपल्या सॉलिसिटरला आधी दोनच प्रश्न टाका: लीजची किती वर्षं उरलीत, आणि शेजाऱ्याच्या घराचं फ्रीहोल्ड खरोखरच या विक्रीत येतंय का? मधल्या कुठल्या तरी व्यवहारात ते सुटून गेलं असेल, तर तो घोळ निस्तरेपर्यंत सही करू नका.